मध जिभेला नको, मग मेण टाचेला कसं चालतं?



आपल्या महिला मंडळांमधून हल्ली घरगुती नैसर्गिक मलम शिकवायची टूम निघाली आहे. दुपारची वेळ, शंभर-दीडशे रुपये वर्गणी, आणि जाताना हातात एक छोटी काचेची डबी. कापलं, भाजलं, खरचटलं, टाचा फुटल्या, सगळ्यावर एकच डबी. कृतीही सगळीकडे तीच: खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल, त्यात हळद, कडुलिंब, कुठे लव्हेंडरचे थेंब, आणि घट्टपणा यावा म्हणून 'बी वॅक्स'. हे इंग्रजी नाव फार सोयीचं आहे. मराठीत 'मधमाशांच्या पोळ्याचं मेण' असं मोठ्यानं म्हटलं असतं तर निम्म्या जणींनी तिथल्या तिथे हात मागे घेतला असता.

मला या प्रकाराचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. मलम घरी करण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मी स्वतः करते आणि कसं करते तेही पुढे सांगणार आहे. राग आहे तो 'शुद्ध', 'सात्त्विक', 'आपल्या घरातलं' असे शब्द लावून तो डबा आपल्याच बायकांच्या हातात दिला जातो याचा.

मेण म्हणजे काय ते आधी पाहू. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथी असतात. साधारण दोन आठवड्यांच्या तरुण माशीच्या त्या ग्रंथींतून मेणाचे बारीक पापुद्रे पाझरतात. माशी ते तोंडात चघळून मऊ करते आणि षटकोनी घरं बांधते. त्या घरांत राणी अंडी घालते, त्यांतच अळ्या वाढतात, उरलेल्या घरांत मध साठतो. म्हणजे मेण हे मधाचं नुसतं भांडं नव्हे, ते त्यांचं बाळंतघर आहे. एक किलो मेण तयार व्हायला माशांना त्याच्या कित्येक पट मध खावा लागतो. आणि आपल्या बाजारातलं बरंचसं मेण पेटीतल्या माशांचं नसून रानातल्या आग्या मोहोळाचं असतं. ते कसं काढतात हे सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्या कुणालाही विचारा. रात्रीची वेळ, खाली ओल्या पाल्याचा धूर, पेटते पलिते, आणि अख्खं पोळं कापून खाली. मध पिळून घ्यायचा आणि उरलेला चोथा, अंड्या-अळ्यांसकट, उकळत्या पाण्यात. वर जे तरंगतं ते मेण. गाळून, वड्या पाडून, ऑनलाइन विकताना त्याला 'ऑरगॅनिक' म्हणतात.

यावर पहिलं उत्तर हमखास येतं: "अगं, खायचं कुठे आहे? लावायचं तर आहे." हे उत्तर देणाऱ्या बाईच्या घरी मधाची बाटली येत नाही. पर्वात ती हिरवी भाजीसुद्धा वर्ज्य करते. तिला मी एवढंच विचारते की मध आपण का सोडला? चवीला वाईट म्हणून? आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त श्रावकाचे आठ मूलगुण सांगताना मद्य, मांस आणि मधु एकाच ओळीत बसवले. आपल्याला पाठशाळेत 'तीन मकार' म्हणून ते बोटांवर मोजायला शिकवलं. कारण एकच, त्यामागचा घात. तो घात माशीच्या घरी होतो. नंतर तो पदार्थ आपल्या घशाखाली गेला की टाचेवर बसला, याने माशीच्या बाजूला काय फरक पडतो?

आणि आपली परंपरा फक्त खाण्यापुरतं बघते, हेही खरं नाही. श्रावकाला वर्ज्य असलेली पंधरा कर्मादानं आठवा. त्यांत लाखेचा व्यापार आहे, हस्तिदंताचा व्यापार आहे. लाख कुणी खात होतं का? हस्तिदंताची कुणी कोशिंबीर करत होतं? तरी तो धंदाच नको म्हटलं, कारण लाखेत कीटक मरतात आणि दातासाठी हत्ती मारला जातो. वापर कुठे होतो याचा तिथे प्रश्नच नव्हता.

दुसरं उत्तर जरा शिकलेलं असतं. "आम्ही पेटीतल्या माशांचं घेतो, त्यात माशा मरत नाहीत, वैज्ञानिक पद्धत आहे." महाबळेश्वरच्या बाजूला सातेरी माशांच्या पेट्यांचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे, तिथल्या मांघर गावाला २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. पोळं जाळण्यापेक्षा ही पद्धत लाखपटीने बरी, आणि ते शेतकरी आपल्यापेक्षा माशांची जास्त काळजी घेतात हेही मी मान्य करते. पण आपल्यापुढचा प्रश्न 'कमी वाईट कोणतं' हा नाही. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त हाच पळवाटेचा मुद्दा हजार वर्षांपूर्वी घेतला आहे. पोळ्यातून आपोआप गळून पडलेला मध घेतला तरी त्याच्या आश्रयाने असलेल्या जीवांचा घात होतोच, असं ते स्पष्ट सांगतात. आपोआप गळलेल्यालाही सूट नाही, तर चौकट उचलून, सुरीने कापून, वितळवून घेतलेल्याला कुठून असेल? शिवाय तुमच्या हातातली वडी पेटीतली की रानातली हे ओळखायची काही खूण नसते. दुकानदार सांगेल ते.

हिरव्या ठिपक्याचा आधार घेणाऱ्याही भेटतात. बायांनो, मधाच्या बाटलीवरसुद्धा हिरवाच ठिपका असतो. तो ठिपका सरकारच्या व्याख्येचा आहे, आपल्या व्याख्येचा नव्हे. डबीमागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. 'सेरा अल्बा' किंवा 'सेरा फ्लाव्हा' दिसलं की ते मधमाशीचंच मेण. 'लॅनोलिन' म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबट मेणी. 'शेलॅक' म्हणजे लाख. आणि 'आयुर्वेदिक' शब्दावरही डोळे मिटून विसंबू नका. आयुर्वेदात मलमाचा नेहमीचा पाया सिक्थ तैल हा असतो, म्हणजे तिळाच्या तेलात वितळवलेलं मधमाशीचं मेण. वैद्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, त्यांचं शास्त्र वेगळं. आपल्याला विचारून घ्यायला हवं एवढंच.

आता एक वाक्य लिहिते, ज्यावरून मला फोन येतील. जीवहिंसेच्या हिशोबात औषधाच्या दुकानातली साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली ही त्या मधमेणाच्या 'नैसर्गिक' मलमापेक्षा आपल्या धर्माच्या जास्त जवळची आहे. ती खनिज तेलातून येते, तिच्यासाठी कुणाचं घर उकळावं लागत नाही. धुतलेल्या लहानशा जखमेवर ओलावा टिकवायला त्वचेचे डॉक्टरही तीच सांगतात. 'नैसर्गिक' आणि 'अहिंसक' हे दोन शब्द आपण इतके एकमेकांत मिसळले आहेत की पहिला दिसला की दुसरा आपोआप गृहीत धरतो. कातडं नैसर्गिकच असतं की!

इथे एखादी रेशमी साडीचा विषय काढणार, मला माहीत आहे. काढायलाच हवा. रेशमासाठी कोष उकळतात, आत किडा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरी लग्नात पैठणी लागते. अभिषेकाला सुती सोवळं वापरणाऱ्या घरांचं मला कौतुक आहे. पण 'पैठणी चालते तर मेण का नाही' हा युक्तिवाद मला उलटा दिसतो. एका दारातून हिंसा आत आली म्हणून दुसरं दारही उघडं टाकायचं? तुपा-दुधाचा वाद आजकाल आपली कॉलेजातली मुलं घालतात, तो वेगळा आहे आणि तोही घालायलाच हवा, पण त्याच्या आडून मेण सुटत नाही.

आता या मलमांचा दुसरा दोष. माझ्या मते हा अधिक गंभीर, कारण इथे जीव जातो तो पंचेंद्रिय माणसाचा.

माझ्या आत्येसासूबाई साठीच्या, मधुमेही. शिखरजीची वंदना अनवाणी करून आल्या. ज्यांनी केली आहे त्यांना माहीत आहे, चढ, टोंकांची परिक्रमा आणि उतार मिळून २७ किलोमीटर होतात. पायाच्या अंगठ्याजवळ फोड आला होता, तो फुटला. ओळखीतल्या एका बाईंनी हौसेने केलेलं मलम त्यांना दिलं, "आतून भरून येतं" म्हणून. आत्याबाईंनी ते तीन आठवडे लावलं. दुखत नव्हतं म्हणून त्या निर्धास्त होत्या. वर्षानुवर्षांच्या साखरेनं पायाची जाणीवच गेलेली असते, म्हणून दुखत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वास यायला लागल्यावर दवाखाना झाला. अंगठा काढावा लागला. त्या आजही सामायिकाला बसतात, पण मंदिराच्या पायऱ्या चढताना नातवाचा खांदा लागतो. मलम देणाऱ्या बाई मनाने चांगल्या आहेत. त्यांनी डबीवर 'प्रथमोपचार' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं.

तो शब्दच मला खटकतो. प्रथमोपचार म्हणजे डॉक्टरकडे पोचेपर्यंत करायचं ते. मलम लावून डॉक्टर टाळायचा, हा प्रथमोपचार नव्हे. वाहतं रक्त थांबवायला स्वच्छ फडक्याने दाबून धरावं लागतं, मलम नाही. खिळा लागला, माती-शेणाशी संबंध आलेली खोल जखम झाली, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं लागतं. धनुर्वाताचे जंतू हवा नसलेल्या खोल जागेत वाढतात, आणि अशा जखमेचं तोंड तेला-मेणाने बंद करणं म्हणजे त्यांना खोली भाड्याने देणं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची कुठलीही जखम ही घरातली बाब नाही.

भाजण्याचं तर वेगळंच. स्वयंपाकघरात वाफ लागली, तेल उडालं की आपल्याकडे तूप, हळद, टूथपेस्ट, आणि आता हे मलम. तेलकट थर उष्णता आतच कोंडतो आणि नंतर दवाखान्यात ते सगळं खरवडून काढताना जो त्रास होतो तो बघवत नाही. भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचा. बर्फ नाही. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढायच्या. फोड फोडायचे नाहीत. तळहाताएवढं किंवा जास्त भाजलं, चेहऱ्याला भाजलं, लहान मूल असलं, तर सरळ दवाखाना.

आपल्यातल्या कित्येकींचा हात इथे नळावर थबकतो, हे मी पाहिलं आहे. न गाळलेलं पाणी, तेही २० मिनिटं वाहतं! अप्कायिक जीवांची विराधना होईल म्हणून एकीने मुलीचा हात वाटीभर गाळलेल्या पाण्यात बुडवून ठेवला होता. तिच्या भावनेची मला थट्टा करायची नाही, ही भावनाच आपली कमाई आहे. पण प्रयोजनाशिवाय पाणी सांडणं आणि पोळलेलं लेकरू वाचवायला पाणी वापरणं यांत आपल्या धर्मानेच फरक केला आहे. श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची असते. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, ती विवेकाने कमी करायची. नळाखाली बादली लावा, ते पाणी झाडांना घाला. पण नळ सोडा. आणि गंमत पाहा, हीच आपण नळ सोडायला कचरतो आणि मेणाची वडी बिनघोर वितळवतो.

असो. आता माझं मलम. ते फुटलेल्या टाचा, कोरडे ओठ, धुऊन कोरडं केलेलं किरकोळ खरचटणं, भांड्यांनी चिरलेली बोटं, एवढ्यापुरतंच.

घट्टपणासाठी मेण लागतंच असं नाही. ज्यांचं माहेर कोकणातलं आहे त्यांना हे सांगायला नको. कोकमाची सालं सुकवून आमसुलं झाली की बिया उरतात. त्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारं तेल काढायचं, ते थंड झालं की पांढुरकं घट्ट होतं. मुठीने वळलेले त्याचे गोळे विकायला येतात. कुणी त्याला कोकम तेल म्हणतं, कुणी मुठेल, गोव्याकडे भिरंडेल. फुटलेल्या टाचांना तिकडे पिढ्यान्पिढ्या तेच गरम करून लावतात. ना मोहोळ, ना मेंढी, आणि बिया तर एरवी फेकायच्याच. ब्राझीलच्या ताडाचं आणि मेक्सिकोच्या झुडपाचं मेण कुरिअरने मागवण्याआधी रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा गोळा बघा की.

१०० ग्रॅम तिळाचं तेल घ्या. त्यात मूठभर कडुलिंबाची सावलीत कडकडीत वाळवलेली पानं आणि सपाट चमचाभर हळकुंडांची पूड. पानं आधी उजेडात शोधून घ्या, पाठीमागच्या बाजूला बारीक अंडी असतात, तसली पानं नकोत. ओलं काहीही नको. एका पातेल्यात पाणी, त्यावर तेलाचं भांडं, मंद आच, एक तास. तेलाला उकळी येऊ द्यायची नाही. गार झालं की दुहेरी सुती कापडातून गाळा. पूड थोडी खाली बसते, वरचं नितळ तेल घ्या. आता जितकं तेल मिळालं तितक्याच वजनाचा कोकमाचा गोळा किसून त्यात घाला, पुन्हा पाण्यावर ठेवा, वितळेपर्यंतच. गार चमच्यावर थेंब टाकून बघा. फार मऊ वाटलं तर थोडा गोळा आणखी. कोरड्या डबीत ओता, हलवू नका.

कोकमाचं तेल ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे सांगली-सोलापूरच्या मे महिन्यात डबी पातळ होणार. होऊ द्या, माठाशेजारी ठेवली की पुन्हा बसते. प्रवासाला न्यायचं असेल तर तांदळाच्या कोंड्याचं मेण मिळतं, १०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅमपासून सुरुवात करा. मेणबत्तीचं मेण मात्र घालू नका. त्यात रंग, वास आणि काय काय मिसळलेलं असतं, आणि ते अंगाला लावायला केलेलं नसतं.

हे सगळं दिवसाउजेडी करा. दिवेलागणीला शेगडीवर उघडं तेल ठेवलं की चिलटं त्यात पडतात, मग अहिंसक मलमाची भाषा कशाला.

इंटरनेटवरच्या कृतींत 'मॅरिगोल्ड' लिहिलेलं असतं म्हणून देवळाच्या दारच्या झेंडूच्या पाकळ्या घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ते कॅलेंडुला, आपला झेंडू वेगळा, दोन्ही निरनिराळी झाडं आहेत. आणि पाकळ्यांच्या बुडाशी जीव किती असतात ते पांढऱ्या कागदावर झेंडू झटकून एकदा बघा. कोरफडीचा गरही नको. अनंतकाय म्हणून ती वर्ज्य करणारी घरं आहेतच, पण ज्यांना चालते त्यांनीही तेलाच्या मलमात घालू नये, कारण त्यात पाणी असतं आणि पाणी गेलं की बुरशी आली. बुरशी म्हणजे पुन्हा जीवोत्पत्ती, आणि तीही जखमेवर. कापूर तान्ह्या मुलांसाठीच्या डबीत कधीच नको, पोटात गेला तर विषारी आहे. हळदीचीसुद्धा एखादीला ॲलर्जी असते, म्हणून आधी कोपराच्या आत थोडं लावून दिवसभर बघायचं.

आणखी एक. पिठाची मर्यादा आपण पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७ अशी तोंडपाठ सांगतो. मलमाची मर्यादा कुणी विचारत नाही. दोन-दोन वर्षं त्याच डबीत तीच बोटं. मी पाण्याचा अंश नसलेलं मलमही चार महिन्यांवर ठेवत नाही, वास खवट झाला की त्याआधीच टाकते, आणि डबीत बोट न घालता छोटा कोरडा चमचा वापरते. एका माणसाची डबी दुसऱ्याला नाही.

मंडळांच्या अध्यक्षांना आणि वर्ग घेणाऱ्या ताईंना माझं सांगणं आहे, रागाने नाही पण ठामपणे. वर्ग जरूर घ्या. फळ्यावर पहिल्यांदा मराठीत लिहा की घट्टपणा कशाने येतो आणि तो पदार्थ कुणाच्या घरून येतो. ज्यांना तरीही चालतं त्या करतील, निदान माहीत असून करतील. डबीच्या कागदावर केल्याची तारीख, आतले सगळे पदार्थ, आणि ठळक अक्षरात एवढं छापा: खोल जखम, भाजणं, मधुमेह्याचा पाय, यांवर लावू नये. 'प्रथमोपचार' हा शब्द काढून टाका, 'टाचेचं मलम' म्हणा. विक्री थोडी कमी होईल.

कोकमाचे नवे गोळे पावसाळ्यानंतर बाजारात येतात. आमच्या मंडळासाठी मी कुडाळहून एकत्रच मागवते, कुणाला हवे असतील तर चातुर्मास संपायच्या आत सांगा.